बाद झालेला गडी जिवंत होतो
(नौपाड्याच्या मैदानांवरून एक फेरफटका)

ठाणे स्टेशनला पश्चिमेकडे उतरावे, सॅटिसच्या पुलाखालची बसची आणि रिक्षांची गर्दी मागे टाकावी आणि नौपाड्याच्या दिशेने चालू लागावे. थोड्याच वेळात गावदेवीची मंडई लागते, गावदेवीचे मैदान लागते. पुढे गोखले रोड, राम मारुती रोड, घंटाळी, विष्णुनगर, तीन पेट्रोल पंप, हरिनिवास. विष्णुनगरात गजाननचा वडापाव खाल्ला नाही, त्याच्यासोबत मिळणारी बेसनाची पिवळी चटणी चाखली नाही, तर नौपाडा पाहिला असे कोणी म्हणणार नाही. कपड्यांची दुकाने, सोनाराच्या पेढ्या, क्लासच्या पाट्या, दवाखाने यांनी हा भाग गजबजलेला आहे. सुशिक्षित नोकरदारांची वस्ती म्हणून नौपाडा पूर्वीपासून ओळखला जातो.

आपल्या वाचकांपैकी थोडेच जण इथे राहायला असतील. पण नौपाड्याशी संबंध नाही असे घर ठाण्याच्या आसपास शोधावे लागेल. कोणाची आई इथल्या इमारतींत चार घरची धुणीभांडी करते, कोणाचा भाऊ दुकानात सेल्समन आहे, कोणाचे वडील रात्री वॉचमन म्हणून बसतात, कोणाची मुलगी दहावीच्या क्लासला येते. कळवा, कोपरी, वागळे इस्टेट, किसननगर, मुंब्रा इथून माणसे रोज सकाळी नौपाड्यात येतात आणि अंधार पडल्यावर परत जातात. दुकान, क्लास, दवाखाना, प्रत्येक ठिकाणी आत जायचे तर हातात पैसा लागतो. या साऱ्या वस्तीत एकच जागा अशी, जिथे दारात कोणी काही विचारत नाही. ती म्हणजे मैदान. या फेरफटक्यात आपल्याला पाहायची आहेत ती ही मैदाने, कारण तिथे जो धडा मिळतो तो क्लासमध्ये फी भरूनही मिळत नाही.

मैदानाचा कायदा

रविवारी सकाळी विष्णुनगरातल्या भगवती शाळेच्या मैदानाच्या कडेला किंवा गावदेवीला उभे राहून पाहा. एकाच मैदानावर पाच-सहा सामने एकमेकांत मिसळून चाललेले असतात. एका सामन्याचा फिल्डर दुसऱ्या सामन्याच्या स्टंपाशेजारी उभा असतो आणि तरीही कोणाचा चेंडू कोणता यात गोंधळ होत नाही. टेनिसचा चेंडू, एका बाजूला विटांचे स्टंप, दुसऱ्या बाजूला चप्पल. पंच नसतो, पण कायदे मात्र पक्के असतात.

त्यातला पहिला कायदा म्हणजे ट्रायल बॉल. नवा गडी बॅटिंगला आला की त्याचा पहिला चेंडू मोजायचा नाही. दांडी गुल झाली तरी तो बाद नाही. चेंडू किती उसळतो, किती वळतो, हे त्याला कळावे म्हणून ही एक चूक माफ. दुसरा कायदा लिंबूटिंबूचा. मोठ्या मुलांत एखादे सहा-सात वर्षांचे पोर हट्टाने शिरले तर त्याला हाकलून देत नाहीत, लिंबूटिंबू म्हणून घेतात. ते धावते, पडते, बाद होते, पण त्याचे बाद होणे धरत नाहीत. दोन-तीन वर्षे असा लिंबूटिंबू म्हणून खेळलेला पोरगा एके दिवशी खरा गडी होतो आणि मग त्याला कोणी सवलत देत नाही. हे कायदे कोणत्या मंडळाने केले नाहीत. पोरांनीच ते केले आणि पुढच्या पोरांना दिले.

कबड्डीत तर हाच विचार नियमाच्या पुस्तकात आला आहे. पूर्वी कबड्डीचे तीन प्रकार खेळले जात, संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत एकदा बाद झालेला गडी बाहेर बसला तो बसलाच, सगळा संघ बाद होईपर्यंत त्याला आत येता येत नसे. अमरमध्ये बाद झालेला गडी आतच राहायचा, फक्त समोरच्यांना गुण मिळायचा. संजीवनीत मात्र आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की आपला बाहेर बसलेला गडी जिवंत होऊन आत यायचा. आज देशभर, परदेशात आणि टी.व्ही.वर जी कबड्डी आपण पाहतो ती या संजीवनीच्या नियमावर उभी आहे. बाद झालेला गडी स्वतःच्या जोरावर उठत नाही, त्याचे सोबती गुण मिळवतात तेव्हा तो उठतो. चढाईला गेलेला गडी जीव तोडून खेळतो तो यामुळेच. पकडलो गेलो तरी मागचे सहा जण आपल्याला जिवंत करतील, हा भरवसा असतो म्हणून तो आत घुसायचे धाडस करतो.

वाचकहो, या लेखात सांगायचे आहे ते एवढेच. अपयशातून शिकावे, धाडस करावे, असे सर्वजण सांगतात. ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ हा सुविचार शाळेच्या फळ्यावर आपण सर्वांनी वाचला आहे. पण ती पायरी चढायला जिना तर पाहिजे! पडलेल्याला उठवणारे कोणी मागे नसेल तर अपयश काही शिकवत नाही, नुसते मारते.

गामिनीचा खेळ

ज्याच्या घरी पैसा आहे त्याचा मुलगा एका परीक्षेत नापास झाला तर त्याला दुसरा क्लास लावतात, एका धंद्यात बुडाला तर दुसरा काढून देतात. त्याला आयुष्यात चार-पाच ट्रायल बॉल मिळतात. कष्टकऱ्याच्या मुलाला बहुधा एकही मिळत नाही. दहावीला गणितात गेला की ‘झाली शाळा, आता लाग कामाला.’ मुलगी धावण्याच्या शर्यतीत जिल्ह्याला हरली की ‘सांगितलं होतं ना, हे आपलं काम नव्हे.’ आईबाप दुष्ट नसतात, त्यांचा हिशोब चोख असतो. एक वर्ष वाया जाणे म्हणजे एक वर्षाची फी, रेल्वेचा पास, बुटांचे पैसे आणि घरात न आलेला पगार. म्हणून गरिबाचे घर गामिनीच्या नियमाने खेळते. बाद झाला की बाहेर बसायचे.

या ठाण्यानेच त्याचे मोठे उदाहरण पाहिले आहे. वागळे इस्टेट ही एम.आय.डी.सी.ची पहिली औद्योगिक वसाहत. तिथल्या भोंग्यावर हजारो घरांची चूल पेटत होती. पुढे एकेक कारखाना बंद होत गेला. कामगाराच्या हातात कला होती, अंगात जोर होता, चूक तर त्याची काहीच नव्हती, तरी तो चाळिशी-पंचेचाळिशीत बाद ठरला. कोणी रिक्षा चालवली, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी वॉचमनचा युनिफॉर्म चढवला. ज्या घरात बायकोने कामे धरली, भावाने भाडे भरले, त्या घरातला बाप पुन्हा उभा राहिला. जिथे असे कोणी नव्हते तिथे दारूचा गुत्ता जवळ आला. दोन घरांतल्या बापांत फरक नव्हता. फरक होता तो मागे उभ्या राहिलेल्या माणसांत.

मागच्या डब्यातला बाप

नौपाड्याच्या कडेने जी रेल्वे धावते तिचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन ठाण्याला आली. अंतर होते २१ मैल, म्हणजे ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, खाडी ओलांडून रूळ कल्याणपर्यंत गेले. या रुळांवरून पुढे शेकडो खेळाडू पोरे खांद्यावर किट लटकवून मुंबईच्या मैदानांवर गेली. त्यांतला एक डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे.

त्याचा जन्म १९८८ चा, अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताचे अहिल्यानगर) आश्वी खुर्द गावचा. वाढला मात्र डोंबिवलीत. त्याने स्वतः मुलाखतींतून सांगितलेल्या दोन गोष्टी प्रत्येक आईबापाने ऐकण्यासारख्या आहेत. एक अशी की, लहानपणी सरावाला जाताना रिक्षाला पैसे नसत, तेव्हा आई एका हाताने धाकट्या भावाला सांभाळी आणि दुसऱ्या हातात त्याच्या किटची बॅग घेऊन पायी चालत त्याला पोहोचवी. दुसरी गोष्ट लोकलची. सात-आठ वर्षांचा असताना पहिल्या दिवशी वडील त्याला डोंबिवलीहून व्ही.टी.पर्यंत सोडायला गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता तू एकटा जा. पोरगा एकटा गेला. पण वडील त्याच गाडीत मागच्या डब्यात बसले होते, मुलगा नीट जातो का ते पाहत.

सकाळच्या डोंबिवली लोकलची गर्दी ज्याने अनुभवली आहे त्याला या गोष्टीचे मोल कळेल. बापाने हात धरला असता तर पोरगा धाडस शिकला नसता. बाप घरी बसला असता तर ते धाडस नव्हे, हलगर्जीपणा झाला असता. त्याने पोराला एकटे सोडले आणि स्वतः मागच्या डब्यात बसला. मुलांना धाडस कसे शिकवावे याचे सारे शास्त्र या एका गोष्टीत आले.

पुढे या मुलाच्या वाट्याला अपयश कमी आले नाही. भारतीय संघात निवड होऊनही तो कित्येक महिने राखीव म्हणून बसून राहिला. मार्च २०१३ मध्ये दिल्लीला पहिली कसोटी मिळाली तेव्हा त्याने दोन डावांत केल्या ७ आणि १ धावा. इतकी वाट पाहून मिळालेली संधी अशी गेली. पण त्याला दुसरी संधी मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनला त्याने नाबाद ५१ आणि ९६ धावा काढल्या.

त्याची खरी परीक्षा झाली ती २०२० च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात. अॅडलेडच्या कसोटीत पहिल्या डावात विराट कोहली चांगला खेळत असताना रहाणेच्या हाकेवर धावबाद झाला. १९ डिसेंबरला दुसऱ्या डावात सारा भारतीय संघ ३६ धावांत आटोपला. कसोटीत भारताची एवढी कमी धावसंख्या त्याआधी कधीच झाली नव्हती. कोहली मायदेशी परतला आणि संघाची धुरा रहाणेकडे आली. आता विचार करा, ३६ धावांत संघ कोसळल्यावर कोणताही कर्णधार काय करील? एखादा फलंदाज वाढवील. मेलबर्नला झाले ते उलट. कोहलीच्या जागी फलंदाज न घेता रवींद्र जडेजाला घेतले, म्हणजे पाच गोलंदाज घेऊन उतरायचे ठरले. शुभमन गिल आणि मोहम्मद सिराज हे दोघे पहिलीच कसोटी खेळत होते. सिराजचे वडील रिक्षा चालवीत. मुलगा ऑस्ट्रेलियात असतानाच महिनाभरापूर्वी ते वारले होते.

हे धाडस होते, पण आंधळे नव्हते. कसोटी जिंकायची तर समोरच्या संघाचे वीस गडी बाद करावे लागतात. त्यासाठी गोलंदाज हवेत आणि धावा आपण स्वतः जास्त काढायच्या, असा त्यामागे हिशोब होता. रहाणेने ११२ धावा काढल्या. ऑस्ट्रेलियाचे डाव १९५ आणि २०० धावांत संपले आणि भारताने आठ गडी राखून सामना जिंकला.

त्या शतकाइतकीच मोठी वाटते ती त्याच्या बाद होण्याची वेळ. जडेजा ४९ धावांवर होता, पन्नासावी धाव घेण्याच्या धडपडीत कर्णधारच धावबाद झाला. अकरा दिवसांपूर्वी ज्याच्या हाकेवर कोहली गेला होता, तोच आज दुसऱ्याच्या धावेपायी गेला. साऱ्या जगासमोर तो जडेजावर चिडला असता तर कोणी नाव ठेवले नसते. पण तो जडेजाजवळ गेला, त्याला थोपटले आणि मगच मैदानाबाहेर गेला. सोबत्याला त्याने तिथल्या तिथे जिवंत केले. १९ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनच्या मैदानावर, जिथे ऑस्ट्रेलिया १९८८ पासून एकही कसोटी हरला नव्हता, तिथे याच संघाने ३२८ धावांचे लक्ष्य पार करून मालिका जिंकली. निम्मे नेहमीचे खेळाडू जायबंदी होते आणि नवी पोरे खेळत होती.

घर गहाण ठेवणारे प्राचार्य

क्रिकेटमध्ये आज पैसा आहे. ज्या काळी खेळात दमडी नव्हती त्या काळची गोष्ट कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला हा मातीतला मल्ल गेला तेव्हा गादीवरच्या कुस्तीचा त्याला अनुभव नव्हता, तिचे आंतरराष्ट्रीय नियमही पुरते माहीत नव्हते. तो सहावा आला. लोकांच्या हिशोबाने ते अपयशच. पण खाशाबांना आपण कुठे कमी पडलो ते कळले होते. पुढची चार वर्षे त्यांनी ती उणीव भरून काढण्यात घालवली.

१९५२ मध्ये हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा खर्चाचा प्रश्न उभा राहिला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ऑलिम्पिकमधले ते पहिले वैयक्तिक पदक. परत आल्यावर कोल्हापुरात कुस्त्या करून त्यांनी पैसे मिळवले आणि प्राचार्यांचे घर सोडवले. पदकाची गोष्ट सगळे सांगतात. आम्हांला मात्र वाटते की त्या पदकात गहाण पडलेल्या घराचा वाटा मोठा आहे. सहावा आलेल्या पोरावर पुन्हा पैसा लावणारा एक शिक्षक निघाला, म्हणून तो तिसरा आला.

ज्यांना बाद होण्याचीही संधी नव्हती

याच्या उलट गोष्ट पाळवणकर बाळूंची. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्याला गोऱ्यांच्या क्लबात चार रुपये महिन्याने खेळपट्टीची देखभाल करी आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकी. ग्रेग नावाचा नामांकित साहेब तर बाळूंनी आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे देई असे सांगतात. गोलंदाजी करून करून बाळू देशातले पहिल्या प्रतीचे गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पण त्या क्लबात त्यांच्या हातात सरावाला कोणी बॅट दिली नाही. ज्याला जाळ्यात उभे राहून बाद व्हायलाच मिळाले नाही, तो फलंदाजी शिकणार कशी? हिंदू संघात ते सर्वांत मोठे गोलंदाज, पण कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. ते पद पुढे १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. चुकायचा हक्क हाही हक्कच आहे, तो सगळ्यांना सारखा मिळालेला नाही, हे बाळूंच्या आयुष्यावरून कळते.

आणि डॉ. बाबासाहेबांची गोष्ट तर आपल्या घराघरांत सांगितली जाते, पण तिचा एक भाग थोडा कमी सांगितला जातो. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज यांच्या जोरावर १९२० मध्ये ते पुन्हा गेले. घरी रमाईने संसार कसा रेटला ते वेगळे सांगायला नको. एवढे करून १९२२ मध्ये सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी परत केला, पुन्हा लिहा म्हणून. बाबासाहेबांनी निष्कर्ष सोडले नाहीत, मांडणी सुधारली, प्रबंध पुन्हा पाठवला आणि त्याच वर्षी लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली. एवढ्या मोठ्या माणसाचाही प्रबंध एकदा परत आला होता, हे आपल्या नापास मुलाला कोणी तरी सांगायला हवे.

धाडस आणि जुगार

इथे एक खुलासा केला पाहिजे. धाडस करा म्हटले की काही तरुणांना वाटते, लोकलच्या दारात लटकणे हेच धाडस. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींशेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. त्या बिचाऱ्यांपैकी कोणी मौजेखातर लटकले नव्हते, कामावर वेळेवर पोहोचायचे म्हणून लटकले होते. गर्दीने माणसावर लादलेला धोका हे धाडस नव्हे. आणि जागा असताना स्टंट करणे हा तर शुद्ध वेडेपणा.

दुसरा रोग मोबाईलवरचा. खेळाच्या नावाखाली पैसे लावायचे, आज शंभर गेले तर उद्या हजार लावून ते परत मिळवायचे, यात कित्येक घरांचे पगार बुडाले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या अशा ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, पण सवय कायद्याने एका दिवसात सुटत नाही. धाडस आणि जुगार ओळखायची खूण सोपी आहे. हरल्यावर काही शिकायला मिळाले, पुढच्या वेळी अधिक चांगले करता आले, तर ते धाडस. हरल्यावर फक्त पुन्हा पैसे लावावेसे वाटले तर तो जुगार. खाशाबा सहावे आले आणि गादीवरचे डाव शिकले. मोबाईलवर हरणारा काय शिकतो?

आपल्या घरात काय करता येईल?

घरात पैसा नसला तरी ट्रायल बॉल देता येतो. दहावी-बारावीचा निकाल लागला आणि मूल नापास झाले, तर त्या रात्री त्याला एकटे सोडू नका, टोमणे मारू नका. दहावीची पुरवणी परीक्षा आता जून-जुलैमध्येच होते, लगेच पुरवणी परीक्षेची ही सोय २०१५ पासून आहे. त्यामुळे वर्ष वाया जातेच असे नाही. शाळा सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते, रात्रशाळाही आहेत. चौकशी करायला नौपाड्यातल्या क्लासची फी लागत नाही, शाळेत जाऊन विचारले की पुरते.

मुलगा वा मुलगी खेळात असेल तर हरलेल्या सामन्यानंतर आधी जेवायला वाढा. मग दुसऱ्या दिवशी विचारा, कुठे कमी पडलास? ‘का हरलास’ या प्रश्नाला मूल सबब सांगते, ‘कुठे कमी पडलास’ या प्रश्नाला उत्तर शोधते. मुलींच्या बाबतीत तर हे दुप्पट ध्यानात ठेवावे. मुलगा दोनदा हरला तरी ‘पुढच्या वेळी जिंकेल’ म्हणतात. मुलगी एकदा हरली की तिचे बूट धाकट्या भावाला देतात.

वस्तीतल्या मंडळांनीही विचार करावा. जयंतीला जिंकलेल्या मुलांचा सत्कार आपण करतो, ते चांगलेच आहे. पण दुसऱ्यांदा परीक्षेला बसणाऱ्या मुलाची फी मंडळाने भरली, जिल्ह्याला हरून आलेल्या मुलीला पुढच्या वर्षीच्या प्रवासाचे भाडे दिले, तर तो खरा संजीवनीचा नियम होईल. खर्डेकरांसारखे घर गहाण ठेवायची गरज नाही. शंभर घरांनी दहा-दहा रुपये काढले तरी एका मुलाचा महिन्याचा लोकलचा पास निघतो.

आणि शेवटी मैदानाविषयी. नौपाड्यात आता जमिनीचा भाव गगनाला भिडला आहे. जुन्या दोन-तीन मजली इमारती पाडून टॉवर उभे राहात आहेत. गावदेवी मैदानाच्या पोटात महापालिकेने स्मार्ट सिटीच्या योजनेतून वाहनतळ बांधला. ते काम चालू असताना पोरांना खेळायला दुसरी जागा शोधावी लागली. शाळांच्या मैदानांवर कधी सभा, कधी प्रदर्शने असतात. सरस्वती शाळेचे क्रीडा संकुल किंवा तलावापलीकडचे दादोजी कोंडदेव स्टेडियम ही चांगली ठिकाणे आहेत, पण तिथे रीतसर नाव घालून शिकावे लागते. लिंबूटिंबूला मात्र मोकळे मैदानच लागते. जिथे फी नाही, निवड नाही, पडलो तर माती झटकून उठता येते, अशी जागा एकदा गेली की पुन्हा मिळत नाही. म्हणून आपल्या भागातल्या मैदानावर मंडप, गाड्या किंवा राडारोडा पडला तर नगरसेवकाला जाब विचारायला आपण गेले पाहिजे. पाण्याच्या नळासाठी मोर्चा निघतो तसा मैदानासाठीही निघायला हवा.

एखाद्या रविवारी सवड काढून मुलांना घेऊन नौपाड्यात जावे. खरेदी नको, नुसते मैदानाच्या कडेला तासभर बसावे. कोण किती धावा काढतो ते मोजू नये. बाद झालेला पोरगा कुठे जाऊन बसतो, त्याच्या पाठीवर कोण हात ठेवतो आणि पुन्हा त्याचा नंबर कधी येतो, तेवढे पाहावे. मग घरी येऊन आपल्या घरात कोण बाद होऊन बसले आहे ते पाहावे आणि त्याला पुन्हा आत बोलवावे.